विकरांच्या शोधात : डॉ. आर्थर कॉर्नबर्ग

(पेशी आपल्या डीएनएची प्रत कशी काढते, या एका प्रश्नामागे डॉ. आर्थर कॉर्नबर्ग यांनी आयुष्यातील कित्येक वर्षे घालवली. त्यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, खेळताना पडलात की गुडघा खरचटतो. तुम्ही जखम धुता, औषध लावता आणि विसरून जाता. आठ दिवसांनी पाहावे, तर तिथे नवी कातडी आलेली असते. ही कातडी कुठून येते? जखमेच्या कडेच्या पेशी एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा वाढत जातात आणि जखम भरून काढतात.

पण पेशीचे दोन भाग होण्याआधी तिला एक मोठे काम उरकावे लागते. पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा लांबच लांब दुहेरी धागा असतो. शरीर कसे घडवायचे आणि कसे चालवायचे, याच्या सूचना त्यात साठवलेल्या असतात. या सूचना केवळ चार अक्षरांत लिहिलेल्या आहेत, असे समजा. माणसाच्या डीएनएच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. नव्या पेशीला तिचा वाटा मिळावा म्हणून या सगळ्या अक्षरांची प्रत काढावी लागते. फळ्यावरचा एक लहानसा उतारा वहीत उतरवून घेताना आपल्या किती चुका होतात, ते आठवून पाहा. मग ही कोट्यवधी अक्षरे इतक्या अचूकपणे कोण उतरवून घेते?

हे काम विकरे करतात. विकर म्हणजेच एन्झाइम. अन्नाचे पचन करणारी विकरे तुम्हांला विज्ञानाच्या पुस्तकात भेटली असतील. डीएनएची प्रत काढणारे विकर सर्वांत प्रथम हाती लागले ते डॉ. आर्थर कॉर्नबर्ग यांच्या. तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीच ते हे जग सोडून गेले. परंतु जगातील कितीतरी प्रयोगशाळांत त्यांनी दाखवलेल्या वाटेने आजही काम चालते.

आर्थरचा जन्म ३ मार्च १९१८ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात झाला. त्याचे आईवडील पूर्व युरोपातून पोटासाठी अमेरिकेत आलेले यहुदी होते. वडील जोसेफ कपडे शिवण्याच्या कारखान्यात यंत्रावर बसत. तिथे दिवसदिवस राबावे लागे आणि पगार मात्र तुटपुंजा मिळे. जवळजवळ तीस वर्षे त्यांनी हे काम केले. पुढे प्रकृती साथ देईना, तेव्हा त्यांनी खिळे, कुलुपे, हत्यारे असे सामान विकण्याचे छोटे दुकान टाकले. नऊ वर्षांचा आर्थर त्या दुकानात गिऱ्हाइकांना सामान काढून देई. जोसेफ यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते, तरी त्यांना निदान सहा भाषा बोलता येत असत. दुसरी भाषा शिकताना तुम्हांला किती कष्ट पडतात ते आठवा, म्हणजे या माणसाच्या बुद्धीची कल्पना येईल!

आर्थर अभ्यासात हुशार होता. पंधराव्या वर्षीच त्याचे शालेय शिक्षण संपले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात त्या काळी फी द्यावी लागत नसे, म्हणून गरिबांची हुशार मुले तिथे शिकत. आर्थरही तिथेच गेला. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी तो पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात विक्रेत्याचे काम करी आणि पै पै साठवी. त्याला डॉक्टर व्हायचे होते. पण त्या काळी अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत यहुदी मुलांना सहजासहजी प्रवेश मिळत नसे. गुण चांगले असूनही कित्येकांना दार बंद असे. अखेर रॉचेस्टर विद्यापीठाने आर्थरला प्रवेश दिला आणि १९४१ साली तो डॉक्टर झाला.

विद्यार्थी असतानाच त्याला एक गोष्ट जाणवली होती. आपल्या डोळ्यांत किंचित पिवळेपणा दिसतो, आपल्याला सौम्य कावीळ आहे. एखादा दुसरा औषध घेऊन गप्प बसला असता. आर्थरने मात्र इतर विद्यार्थ्यांचेही रक्त तपासले. असा दोष आणखीही काही जणांत आहे, असे त्याला आढळले. या विषयावर त्याने लिहिलेला लेख १९४२ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संचालकांनी तो वाचला. त्या वेळी महायुद्ध चालू होते आणि डॉ. कॉर्नबर्ग एका जहाजावर डॉक्टर म्हणून काम करत होते. संचालकांनी त्यांना तिथून बोलावून घेतले आणि संशोधनाला लावले. अशा रीतीने जहाजावरचा डॉक्टर प्रयोगशाळेत आला आणि तिथलाच झाला.

पहिली काही वर्षे त्यांनी उंदरांना वेगवेगळे अन्न देऊन जीवनसत्त्वांचा अभ्यास केला. पण त्यांचे मन विकरांकडे ओढ घेत होते. १९४६ साली ते सेव्हेरो ओचोआ यांच्याकडे आणि पुढच्या वर्षी कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याकडे विकरांचे शास्त्र शिकले. पेशीचा रस काढायचा, त्यातील शेकडो पदार्थ एकामागून एक बाजूला करायचे आणि शेवटी हवे ते विकर निर्भेळ स्वरूपात हाती घ्यायचे, अशी ही विद्या होती. तिला फार चिकाटी लागते. १९४३ साली सिल्व्ही लेव्ही यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. त्याही जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. पतीच्या प्रयोगशाळेत त्यांनी बरोबरीने काम केले.

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना जगापुढे मांडली. दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले असतात आणि एका धाग्यावरील प्रत्येक अक्षरासमोर दुसऱ्या धाग्यावर ठरलेलेच अक्षर येते. म्हणजे दोन्ही धागे वेगळे केले, तर प्रत्येकावरून दुसरा तयार करता येईल. ही कल्पना सुंदर होती. पण हे काम करतो कोण? त्याच वर्षी डॉ. कॉर्नबर्ग सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात विभागप्रमुख झाले होते. पेशीच्या बाहेर, परीक्षानळीत डीएनए तयार करून दाखवायचा, असे त्यांनी ठरवले.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जिवाणू त्यांनी घेतला आणि त्याचा रस काढला. त्यात त्यांनी डीएनएचा एक किरणोत्सारी घटक मिसळला. किरणोत्सारी घटक कोठे गेला, हे यंत्रावर मोजता येते. पहिल्या प्रयोगात दहा लाखांतून जेमतेम पन्नास इतकाच अंश डीएनएमध्ये गेला. दुसऱ्या कोणी हा आकडा कचऱ्यात टाकला असता. डॉ. कॉर्नबर्ग यांनी मात्र तो धरून ठेवला आणि आपल्या सहकाऱ्यांसह विकर शुद्ध करायला घेतले.

इथे एक गंमत घडली. रसातील काही विकरे डीएनए तोडून टाकतात. नव्याने बनणारा डीएनए त्यांच्या तोंडून वाचावा, म्हणून डॉ. कॉर्नबर्ग यांनी नळीत थोडा तयार डीएनए पहारेकऱ्यासारखा घातला होता. पुढे कळले, की हा पहारेकरीच खरा कित्ता आहे! त्याच्यावरून पाहूनच विकर नवा धागा बनवत होते. कित्ता नसेल तर प्रत निघत नव्हती. चारांपैकी एक घटक नसला, तरी काम जवळजवळ थांबत होते. १९५६ साली हे विकर हाती आले. त्याला डीएनए पॉलिमरेज असे नाव मिळाले.

या शोधावरील दोन लेख एका नामांकित नियतकालिकाने आधी नाकारले. परीक्षानळीत बनलेल्या पदार्थाला डीएनए म्हणता येईल का, अशी परीक्षकांना शंका होती. पुढे १९५८ साली ते लेख प्रसिद्ध झाले आणि १९५९ साली डॉ. कॉर्नबर्ग यांना ओचोआ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात जन्मलेले डॉ. हरगोविंद खुराना यांनीही जनुकांची भाषा उलगडताना याच विकराचा उपयोग केला.

पण मित्रांनो, एक प्रश्न उरलाच होता. परीक्षानळीत काढलेली प्रत अचूक आहे, हे कसे ओळखायचे? डॉ. कॉर्नबर्ग यांनी यासाठी एका विषाणूची मदत घेतली. जिवाणूंवर जगणाऱ्या या विषाणूचे नाव फाय एक्स १७४. त्याचा डीएनए अगदी लहान, केवळ ५,३८६ अक्षरांचा आणि कड्यासारखा गोल असतो. त्याची प्रत अचूक निघाली, तर ती जिवाणूत शिरून नवे विषाणू तयार करील. प्रत बिघडली, तर काहीच होणार नाही. ३०० कोटी अक्षरांची परीक्षा घेणे अशक्य होते. पाच हजारांची परीक्षा विषाणू स्वतःच घेणार होता!

डॉ. कॉर्नबर्ग तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठात होते. मेहरान गुलियन आणि रॉबर्ट सिन्शायमर यांच्या साथीने त्यांनी हा प्रयोग केला. पॉलिमरेजने प्रत काढली. धाग्याची दोन टोके सांधण्याचे काम लायगेज नावाच्या दुसऱ्या विकराने केले. त्या प्रतीवरून पुन्हा प्रत काढली आणि ती जिवाणूंना दिली. जिवाणूंमध्ये खरेखुरे विषाणू तयार झाले. १४ डिसेंबर १९६७ रोजी ही बातमी जाहीर झाली. परीक्षानळीत जीव निर्माण झाला, असा गाजावाजा झाला. हे बोलणे अतिशयोक्तीचे होते, कारण विषाणू जिवंत पेशीच्या आधाराशिवाय वाढूच शकत नाही. पण विकराने काढलेली प्रत खरी ठरली होती, यात शंका नव्हती.

आणि मग दोन वर्षांतच सगळे उलटल्यासारखे झाले. १९६९ साली जॉन केर्न्स आणि पॉला डी लुसिया यांनी ई. कोलायचा एक वेगळा प्रकार शोधून काढला. या जिवाणूंत कॉर्नबर्ग यांचे विकर जवळजवळ नव्हतेच. तरीही ते नेहमीसारखे वाढत होते, आपल्या डीएनएच्या प्रती काढत होते! अतिनील किरणांनी झालेली इजा मात्र त्यांना नीट भरून काढता येत नव्हती. म्हणजे हे विकर डीएनएची डागडुजी करणारे असावे आणि प्रत काढणारे खरे विकर कुणी दुसरेच असावे. ज्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्यावरच प्रश्नचिन्ह उभे राहिले. काही शास्त्रज्ञ तर या विकराची चेष्टा करू लागले.

डॉ. कॉर्नबर्ग यांच्या घरात तेव्हा एक तरुण चेलोवादक होता. त्यांचा दुसरा मुलगा टॉम न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीत विद्यालयात चेलो हे तंतुवाद्य शिकत होता. हाताच्या दुखण्यामुळे त्याचे वादन सुटले. वडिलांच्या कामावर होणारी टीका त्याच्या कानांवर येतच होती. प्रयोगशाळेतील कामाचा त्याला फारसा अनुभव नव्हता. तरीही तो कोलंबिया विद्यापीठात माल्कम गेफ्टर यांच्याकडे कामाला लागला. त्या वेगळ्या जिवाणूंत दुसरे कोणते विकर आहे, याचा त्याने शोध घेतला. १९७० आणि १९७१ या दोन वर्षांत त्याला एक सोडून दोन नवी पॉलिमरेज विकरे सापडली. त्यांतील तिसऱ्या क्रमांकाचे विकर हेच प्रत काढण्याचे मुख्य काम करते, हे पुढे सिद्ध झाले. टीकाकारांचे म्हणणे बरोबर होते आणि ते पक्के केले कॉर्नबर्ग यांच्याच मुलाने!

डॉ. कॉर्नबर्ग यांनी काय केले? त्यांनी जुन्या विकराचा हट्ट धरला नाही आणि कामही सोडले नाही. ते पुन्हा विषाणूंकडे वळले. लहान विषाणूंजवळ स्वतःची सामग्री फार थोडी असते. प्रत काढण्यासाठी ते जिवाणूचीच विकरे वापरतात. म्हणून विषाणूवर नजर ठेवली, की पेशीची यंत्रणा कशी चालते ते दिसते. क्षयरोगावर दिले जाणारे रिफॅम्पिसिन हे औषध तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. ते आरएनए बनवणाऱ्या जिवाणूच्या विकराला अडवते. १९७१ साली डॉ. कॉर्नबर्ग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना आढळले, की हे औषध दिल्यास एम १३ नावाच्या विषाणूच्या डीएनएची प्रत सुरूच होत नाही. डीएनएच्या कामात आरएनएचा काय संबंध?

उत्तर असे निघाले. गजरा गुंफताना आधी दोऱ्याला गाठ मारावी लागते, मग फूल पुढे फूल जोडता येते. पॉलिमरेज फक्त पुढे जोडू शकते, सुरुवात करू शकत नाही. सुरुवातीची गाठ म्हणजे आरएनएचा छोटासा तुकडा! नंतर हा तुकडा काढून टाकून ती जागा डीएनएने भरावी लागते. जिवाणूत हे काम कोण करते, ओळखा पाहू. डॉ. कॉर्नबर्ग यांचे तेच पहिले विकर! म्हणजे ते निरुपयोगी नव्हते. त्याचे काम वेगळे होते, इतकेच. आरएनएच्या तुकड्याने सुरुवात करण्याची ही रीत माणसाच्या पेशीतही आहे.

आता तुम्ही विचाराल, जिवाणू आणि विषाणू यांच्यावरून माणसाचे काय कळणार? ही विकरे दिसतात कशी, हे कळल्यावर या प्रश्नाचे उत्तर मिळाले. १९८५ साली येल विद्यापीठात टॉमस स्टाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने कॉर्नबर्ग यांच्या विकराच्या मोठ्या तुकड्याची रचना शोधली. ती अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखी निघाली. तळवा, बोटे आणि अंगठा यांच्यामध्ये डीएनए धरलेला असतो आणि तळव्यावर नवे अक्षर जोडले जाते. तुमचा उजवा हात पेला धरल्यासारखा करून पाहा, म्हणजे ही रचना ध्यानात येईल.

माणसातील प्रत काढणारी मुख्य विकरे या विकराच्या घराण्यातील नाहीत. ती अनेक भागांची असून हाताळायला अवघड असतात. पण टी ४ आणि त्याचा नातलग आरबी ६९ हे जिवाणूंवरचे विषाणू आपले पॉलिमरेज स्वतःच बनवतात, आणि ते माणसाच्या विकरांच्याच घराण्यातले आहे! १९९७ साली आरबी ६९ च्या विकराची रचना कळली. तिथेही तोच हात होता. चुकीचे अक्षर जोडले गेले, तर ते खोडून टाकण्याची जागाही त्यात होती. मग मानवी विकर कसे असेल, याचा अंदाज शास्त्रज्ञ या नमुन्यावरून बांधू लागले.

आणखी एक साम्य पाहा. प्रत काढताना विकर धाग्यावरून निसटू नये, म्हणून धाग्याभोवती बांगडीसारखे एक प्रथिन असते. ई. कोलायची बांगडी दोन भागांची असते. टी ४ विषाणूची आणि माणसाची मात्र तीन-तीन भागांची! म्हणजे या बाबतीत जिवाणूपेक्षा त्याच्यावर जगणारा विषाणूच माणसाला जवळचा ठरला.

अर्थात नमुना तो नमुनाच. मानवी पेशीतील डेल्टा नावाच्या पॉलिमरेजची बांगडीसह संपूर्ण रचना २०२० साली प्रत्यक्ष पाहता आली, तेव्हा त्यातील चारही भागांची मांडणी समजली. विषाणूचे एकटे विकर हे सारे सांगू शकले नसते. पण कुठे पाहायचे आणि काय शोधायचे, हे त्यानेच शिकवले होते. हे ज्ञान आज औषधे शोधतानाही उपयोगी पडते. हर्पिससारख्या रोगाच्या विषाणूचे पॉलिमरेज आपल्या विकरांच्याच घराण्यातले आहे. त्याला अडवायचे आणि आपल्याला धक्का लावायचा नाही, तर दोहोंतील बारीक फरक माहीत हवा.

डॉ. कॉर्नबर्ग यांना दीर्घायुष्य लाभले. १९५९ साली ते नोबेल पारितोषिक घ्यायला स्टॉकहोमला गेले, तेव्हा बारा वर्षांचा थोरला मुलगा रॉजर त्यांच्यासोबत होता. २००६ साली रॉजर यांनाच रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आरएनए बनवणाऱ्या विकराची रचना त्यांनी उलगडली होती. मुलाचा हा गौरव वृद्ध पित्याने डोळ्यांनी पाहिला. टॉमही पुढे नामवंत शास्त्रज्ञ झाले. धाकटे केनेथ वास्तुशिल्पकार झाले आणि प्रयोगशाळांच्या इमारतींचे आराखडे करू लागले. २६ ऑक्टोबर २००७ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी डॉ. आर्थर कॉर्नबर्ग यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांतही ते प्रयोगशाळेत जात असत.

मित्रांनो, दहा लाखांतून पन्नास हा आकडा त्यांनी फेकून दिला नाही, आणि आपला शोध अपुरा आहे असे कळल्यावर ते रुसूनही बसले नाहीत. तुमच्या प्रयोगवहीत एखादे उत्तर पुस्तकातल्यासारखे आले नाही, तर ते घाईने खोडू नका. आधी पुन्हा मोजून पाहा.

शब्दार्थ
विकर – एन्झाइम. पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन
निर्भेळ – भेसळ नसलेले, शुद्ध
तुटपुंजा – अपुरा, थोडासा
कित्ता – पाहून लिहिण्यासाठी समोर ठेवलेला नमुना
डागडुजी – दुरुस्ती

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आर्थरचे वडील सुरुवातीला कोणते काम करत होते?
(आ) फाय एक्स १७४ या विषाणूच्या डीएनएमध्ये किती अक्षरे असतात?
(इ) टॉम कोणते वाद्य वाजवत असे?
२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) प्रत अचूक आहे हे पाहण्यासाठी डॉ. कॉर्नबर्ग यांनी विषाणूच का निवडला?
(आ) १९६९ सालच्या शोधाने कोणता प्रश्न निर्माण झाला आणि तो कसा सुटला?
३. 'पै पै साठवणे' आणि 'धक्का न लावणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.